बोरसेभाऊंच्या पॉडकास्टचं नाव

बोरसेभाऊ आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा चपला काढायच्या आधी त्यांनी विचारलं, "मॅडम, गॅसचं मेन बटण कुठंय?" मी दाखवलं. ते बंद करून आले, सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "हं, आता होऊ द्या चहा." बंद गॅसवर चहा कसा करायचा, ते त्यांनी सांगितलं नाही.

सिल्वासात आमचे फ्लॅट समोरासमोर. मी कोकणातली, इथल्या शाळेत मराठी शिकवते. बोरसेभाऊ खानदेशातल्या अमळनेरकडचे, जवळच्या सायली गावातल्या एका प्लास्टिक कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. दिवसभर आग, वाफ आणि विजेचे झटके यांचा विचार करायचा आणि तोच विचार संध्याकाळी कंपनीच्या बसमधून बरोबर घेऊन उतरायचं, असा त्यांचा क्रम. लग्नाच्या हॉलमध्ये बाहेर पडायचा दुसरा दरवाजा सापडल्याशिवाय ते पानावर बसत नाहीत. घरी कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत सुनंदावहिनींना गॅलरीत उभं करतात. वहिनी हसतात, पण उभ्या राहतात.

त्यांचं प्रत्येक वाक्य 'समजा'ने सुरू होतं. समजा वायर तुटली. समजा लिफ्ट अडकली. समजा मॅडम, तुम्ही हा मासा खाताय आणि तेवढ्यात शिंक आली.

असा माणूस एका रविवारी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "तुम्ही मराठीच्या. एक नाव काढून द्या. आम्ही खाण्यापिण्याचा पॉडकास्ट काढतोय."

"तुम्ही बोलणार?"

"ही बोलणार. मी फक्त धोके बघणार."

मी उत्साहात म्हटलं, "'फोडणी' ठेवा."

"समजा, एखादी बाई आपलं ऐकत ऐकत फोडणी देतेय. लक्ष गेलं, तेल पेटलं. जबाबदारी कोणाची?"

"मग 'खमंग'?"

"खमंग म्हणजे करपायच्या आधीची पायरी, मॅडम."

'चटका' म्हणताच त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच तो शब्द मागे घेतला. 'पोटोबा'मुळे कुणाच्या तरी श्रद्धा दुखावतील. 'शेवभाजी' ठेवलं आणि एखाद्या दिवशी खिचडीवर बोललो, तर ऐकणाऱ्याची फसवणूक. त्यांच्या खात्यातल्या एका गुजराती सहकाऱ्याने 'स्वाद' सुचवलं होतं. ते आधीच दुसऱ्या कुणाचं असलं तर घरी नोटीस येणार. हे सगळं त्यांनी एका वहीत रकाने आखून लिहिलं होतं. नाव, धोका, उपाय.

दोन दिवसांनी जिन्यात गाठ पडली, तेव्हा मी म्हटलं, "साधं 'घास' ठेवा ना."

भाऊंचं तोंड उतरलं. "घास नको," ते हळू म्हणाले. "घास अडकतो." आणि कठडा धरून खाली उतरून गेले.

त्यांची भीती मलाही लागली. वर्गात फळ्यावर 'ठसका' शब्द लिहिला आणि माझा हात थांबला. मुलं बघत राहिली. एरवी या माणसाच्या भीतीचं मला हसू यायचं. पण त्या जिन्यातल्या चेहऱ्यात काही वेगळंच होतं, आणि ते काय असेल याचा विचार करायलाही मला धीर होत नव्हता.

शुक्रवारी ते पुन्हा आले. "मॅडम, सोमवारच्या आत ठरलंच पाहिजे."

"का? सोमवारी काय आहे?"

"शटडाऊन," एवढंच म्हणाले. दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवतात, तेच असेल असं मला वाटलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर पंधरा नावांची यादी घेऊन मी त्यांच्या घरी गेले. वहिनी ओट्यापाशी खेरडी गावाहून आलेली वांगी निवडत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, तुमच्या पॉडकास्टपायी मी शब्दकोश उलटा केला. सोमवारचा शटडाऊन तरी काय एवढा?"

"शटडाऊन कसला? सोमवारी माझं ऑपरेशन शे." त्यांनी पदर बाजूला करून गळ्यावरची गाठ दाखवली. "यांनी सांगितलं नाही? वापीच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ साधीच आहे. पण आवाजाची नस तिला चिकटून जाते. आवाज बसू शकतो म्हणे. एखाद्याचा परतही येत नाही."

मी नावांची यादी घडी घालून ठेवली.

"ते ऐकून आले आणि दुसऱ्या दिवशी माइक घेऊन हजर," वहिनी म्हणाल्या. "म्हणे, बोल. मी म्हटलं, काय बोलू भिंतीशी? तर म्हणे, खाण्यावर बोल, जगाला सांग. तीस वर्षं माझ्याशी बोलायला यांना फुरसत नव्हती, अन् आता जगाला ऐकवायचंय."

भाऊ दारात उभे होते. कधी आले कळलं नाही. वही हातातच होती.

"समजा..." ते म्हणाले, आणि वही मिटली. मग एकदम म्हणाले, "घरात हिचा आवाज कुठंच साठवलेला नाही, मॅडम. मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओतपण बँडच वाजतोय."

वहिनींनी वांगी बाजूला सारली. "नाव राहू द्या. लावा तो माइक."

भाऊंनी पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, गॅसचं बटण दोनदा बघितलं. मग "समजा, हातून पडला," म्हणत माइक माझ्या हातात दिला. वहिनी माइककडे बघत राहिल्या. कुणाशी बोलायचं ते त्यांना समजेना. मग कुणीतरी उन्हातून दमून दारात आल्यासारखं त्यांनी समोर बघितलं आणि आपल्या अहिराणीत जेवायला बसायचा आग्रह केला, "या, जेवाले बठा."

तिथून चाळीस मिनिटं त्या कळण्याच्या भाकरीवर बोलल्या. ज्वारीत उडीद किती घालायचे, थापताना कड का फुटते, सासूने पहिली भाकरी कुत्र्याला का घातली, सगळं. आम्ही तिघेही घामाने निथळत होतो. 'जेवाले बठा' हेच नाव ठेवलं. भाऊंनी त्यात एकही धोका काढला नाही.

ऑपरेशन नीट झालं, पण आवाज आला नाही. डॉक्टर म्हणाले, वाट बघा, आणि तोवर बोलायचा ताण नको. एक आठवडा गेला, दुसरा गेला. जिन्यात भाऊ दिसले की मी विचारत नसे. त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळंच उत्तर द्यायची.

तिसऱ्या आठवड्यात दुसरा भाग आला. तो भाऊंनी स्वतः केला होता. विषय फोडणीची खिचडी, जी त्यांनी आयुष्यात केली नव्हती. कारखान्यात हजार माणसांना दरडावणारा आवाज त्यात परीक्षेला बसलेल्या पोरासारखा लटपटतो. ते चुकले की मागून ओट्यावर उलथन्याचा टक् असा आवाज येतो. वहिनी बाजूला उभ्या राहून चूक दाखवताहेत. "जिरं आधी?" टक्. "मग मोहरी आधी." शांतता, म्हणजे बरोबर.

शेवटाकडे भाऊ विचारतात, "सुनंदा, मीठ किती?"

याला टक् करून उत्तर देता येत नाही. खिचडी रटरटतेय, खाली रस्त्यावरून टेम्पो जातोय. मग अगदी बारीक, खरखरीत आवाज येतो, "अंदाजानं."

त्यानंतर भाऊंच्या हातातलं भांडं पडल्याचा मोठा आवाज आहे आणि रेकॉर्डिंग तिथेच संपतं. भाऊंनी ते कापलेलं नाही.