चार हिवाळ्यांचा अनुभव

ज्याच्या घरी हीटर नाही त्याने हीटरविषयी सल्ला देऊ नये, असा कायदा कुठेही नाही. त्यामुळे निवृत्त आवक-जावक कारकुनांनी तो दिला, यात नियमबाह्य काही नव्हतं.

आयुष्यभर त्यांनी इतरांच्या कागदांवर शिक्के मारले. त्यांचं मत कुणी विचारलं नाही. कचेरीत साहेबाने नाही, घरात बायकोने नाही. निवृत्तीनंतर मुलीने मोबाइल घेऊन दिला आणि त्यांना तो ग्राहकांचा समूह सापडला. तिथे अनोळखी माणसं एकमेकांना विचारत, मिक्सर कोणता घ्यावा, बॅटरी का फुगते. आणि ज्याला ठाऊक नसे तो सगळ्यात आधी उत्तर देई. कारकुनांना अगदी कचेरीत आल्यासारखं वाटलं. प्रश्नाची पहिली ओळ वाचायची आणि खाली निकाल द्यायचा, ही त्यांची जुनी शिस्त. "मी स्वतः वापरतोय" एवढं जोडलं की पसंतीचे अंगठे बदाबदा पडतात, हेही त्यांनी हेरलं. अंगठ्यांवरून पद मिळे. बघता बघता ते 'सुवर्ण सल्लागार' झाले. खरं नाव तिथे कुणीच लावत नसे. त्यांनीही लावलं नव्हतं.

एका दुपारी मुलीचा फोन आला.

"बाबा, खोलीत जरा जळकट वास येतोय. नवा हीटर आहे ना."

"मग बंद कर आधी!"

"छे हो, बंदच करायचा नाहीये. मी जाणकारांना विचारलंय. हे ऐका. 'नव्या हीटरला वास येतोच. बंद करू नका. सलग चालवा म्हणजे आतला थर जळून जातो. मी स्वतः चार हिवाळे हाच वापरतोय.'"

कारकुनांनी हातातला कप खाली ठेवला. वाक्य न् वाक्य त्यांचं होतं.

"प्लग तापतोय का गं?"

"तापतोय? चटका बसतो! बोर्ड पिवळा पडलाय. मी प्रश्नात लिहिलं होतं ते सगळं. तरी ते म्हणाले चालू ठेवा. म्हणजे विचार करूनच म्हणाले असतील ना?"

"बाळ कुठंय?"

"हीटरसमोरच निजलंय. त्याच्यासाठीच तर घेतला."

"अगं, ते उत्तर मी लिहिलंय."

पलीकडून खो खो हसू.

"तुम्ही? परवा मोबाइलचा आवाज बंद झाला तर घर डोक्यावर घेतलंत!"

"देवाशपथ मीच!"

"बरं. आपल्याकडे हीटर आहे?"

"नाही."

"त्यांच्याकडे चार हिवाळ्यांपासून आहे. या वयात दुसऱ्याचं श्रेय लाटू नका, बाबा." फोन बंद. पुन्हा लावला, तर तिने उचललाच नाही.

"लग्न झाल्यापासून मी सांगतेय, यांना काही कळत नाही," बायको म्हणाली. "पोरीने ते मनावर घेतलं, त्यात तिचा काय दोष?"

कारकुनांनी समूह उघडला. उत्तर पुसायला गेले तर सूचना आली: बहुमान्य उत्तरात फेरफार करता येत नाही. मग त्यांनी खाली लिहिलं, "हीटर ताबडतोब बंद करा. मी खोटं बोललो. माझ्याकडे हीटर नाही." सुवर्ण सल्लागार असं कबूल करतो, हे समूहाच्या इतिहासात प्रथमच घडत होतं. तेव्हा चालकांनी तर्कशुद्ध निष्कर्ष काढला आणि निवेदन दिलं: 'आपल्या लाडक्या सल्लागारांचं खातं चोरीला गेलं आहे. त्यांच्या फक्त जुन्या सल्ल्यांवरच विश्वास ठेवावा.'

मुलीने ते निवेदन वडिलांना पाठवलं. सोबत लिहिलं, 'बघा, कसे लोक असतात! म्हणे हीटर बंद करा!'

"आता पायांनी जा," बायको ओरडली. "अंगठ्याने केलंत तेवढं पुरे!"

ते धापा टाकत मुलीच्या घरी पोचले तेव्हा बोर्ड काळा पडून ओघळत होता. ते झेपावले. मुलगी आडवी आली.

"हात लावू नका! मध्येच बंद केला तर थर तसाच राहतो!"

तेवढ्यात बोर्डातून जाळ निघाला आणि पडद्याला लागला. मुलीने किंचाळून बाळ उचललं. कारकुनांनी उघड्या हाताने प्लग उपसला, पडदा ओरबाडून खाली पाडला आणि पायांनी तुडवला. बाळाला ओरखडाही आला नाही. कारकुनांच्या तळहाताची मात्र साल निघाली.

"बाबा! हात हलवू नका, थांबा!" मुलगी रडत आत धावली. पाणी आणायला गेली असेल, असं त्यांना वाटलं. ती मोबाइल घेऊन आली.

"भाजल्यावर काय लावतात, विचारते. लगेच सांगतात हो लोक."

"अगं, डॉक्टर..."

"थांबा, आली उत्तरं. एक म्हणतोय टूथपेस्ट. एक म्हणतोय शाई. हा तिसरा अजून लिहितोय, त्याला स्वतःचा अनुभव आहे."

आणि तुम्ही? तो हात, ते बाळ राहिलं बाजूला. तुमच्या मनात एकच प्रश्न घोळतोय, हीटर कोणत्या कंपनीचा होता? तो तुमच्या घरातल्या हीटरच्या कंपनीचा निघाला नाही की तुम्ही निर्धास्त. मग हीच गोष्ट तुम्ही चार अनोळखी लोकांना पाठवाल आणि खाली बेधडक लिहाल, 'आमच्या शेजारीच घडलं, मी स्वतः पाहिलंय.'