भरलेला हॉल

"अहो, व्याख्यान वरच्या हॉलमध्ये आहे. विचारून जा," वैजयंतीबाईंनी निघताना दोनदा बजावलं.

"चौतीस वर्षं कॉलेजात शिकवलंय. एक हॉल सापडणार नाही मला?" असं म्हणून विश्वनाथ धामणकर शाहपुऱ्यातल्या सभागृहापाशी रिक्षातून उतरले. विषय होता 'शोकांतिकेचा नायक'.

सरांनी तो दारातल्या चौकीदाराला सांगितला; त्यानं त्यातलं 'शोक' तेवढं ऐकलं. "नीचे, बाएँ हाथ पे."

'हिला काही म्हणजे काही धड माहीत नसतं,' असं मनाशी म्हणत सर खाली वळले.

हॉल गच्च भरला होता. एवढे श्रोते पाहून सरांनी कॉलर सारखी केली. समोर हार घातलेला फोटो होता. असतील कुणी जुने नाटककार. एक तरुण हात जोडून पुढे आला. "या ना काका. दोन शब्द बोला."

"दोन कसले? पाऊण तासाचं काढून आणलंय!" सरांनी माइक धरला.

"नायक सामान्य नसतो. मोठा माणूस असतो. पण त्याच्यात एक खोट असते, आणि तिच्यापायी होत्याचं नव्हतं होतं. दोष दैवाचा नाही, शत्रूचा नाही. दोष त्याचाच!"

पहिल्या रांगेतल्या बाईंना हुंदका फुटला. सरांना चेव आला.

"घरचे परोपरीनं सांगतात. तो ऐकत नाही. डोळे उघडतात तेव्हा वेळ गेलेली असते!"

"अगदी खरं हो!" बाई ओरडल्या. सगळा हॉल रडू लागला. चौतीस वर्षांत सरांच्या वर्गात एक डोळा ओला झाला नव्हता. मिटले मात्र पुष्कळ होते.

कृतार्थ होऊन सर फोटोला नमस्कार करायला वळले. खाली लिहिलं होतं: 'कै. मनोहर खेर्डे'. तारीख गेल्या आठवड्यातल्या मंगळवारची.

धरणी दुभंगेना, म्हणून सर खुर्चीत बसले. बाई जवळ आल्या.

"मी मृणाल, त्यांची मिसेस. शुगर चारशे, तरी जिलेबी सुटली नाही! सगळे नुसते देवमाणूस, देवमाणूस करतायत. खरं तुम्हीच बोललात. कुठली ओळख तुमची?"

"तशी... फार जुनी नाही," सर पुटपुटले आणि जिना गाठला.

वर सातजण होते. सरांनी तेच व्याख्यान पुन्हा दिलं. दोघं घोरले, एकानं मधेच उठून पंखा वाढवला, आणि आभार मानणाऱ्या संयोजक गिरीशनं त्यांना 'विनोदाचे अभ्यासक' म्हटलं.

सर मान खाली घालून उतरले. दारात तो तरुण थांबला होता. "काका, परवा तेरावं आहे. आईनं सांगितलंय, तुम्ही बोलायलाच पाहिजे."

सरांनी एकदा रिकाम्या जिन्याकडे पाहिलं.

"किती वाजता?"