आप्पांचे ठेवायला दिलेले शब्द

सकाळी सकाळी दारात येऊन कुणी “हाय का जागेवर?” आसं इचारलं, तर दुसऱ्या गावात लोक गोठ्यात डोकावत्यात. आमी लोहारा गावची मानसं आधी जीभ चाचपायचो. कारन इचारनारे गुरलिंगाप्पा आसायचे, आन् त्यांना बैलाची काळजी नसायची. आमच्याकडं ठेवायला दिलेला इंग्रजी शब्द शाबूत हाय का, तेवढं त्यांना बगायचं आसायचं.

म्या म्हादू, गाडी हाकनारा. शाळा म्या बघितलीय, पर भाईरून. मास्तराच्या घरी कडबा टाकायला गेलतो तवा. माझ्या गाडीला दोन बैल, तिसरा म्या. त्यातल्या दोघांना रस्ता ठाव व्हता, म्हनून धंदा बरा चालायचा.

तवा निजामाचं राज व्हतं. कचेरी उर्दूत, बाजार मराठीत, आप्पांचं घर कानडीत, आन् शिव्या तिन्हींत. इंग्रजी तेवढी सरहद्दीपल्याड, सोलापुराकडं. आमाला तिची कदी गरज पडली न्हाय. तीन भाषांत गप बसवनारं सरकार घरबसल्या मिळाल्यावर चौथी भाषा कशाला पायजे?

आप्पांचं किराना दुकान व्हतं. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, हातात तागडी. बायको वारलेली. एकुलती पोरगी गिरिजा सोलापुरात दिलेली. जावई गिरणीत कारकून, इंग्रजी शिकलेला. लग्नानंतरच्या पैल्या पंचमीला आप्पा पोरीला आनायला गेले, तर जावई म्हनला, “तुमच्या मोगलाईत पाठवून काय करू? तिथं दोन शब्द बोलायला शहाणं माणूस तरी आहे का?”

रिकामी गाडी परत आली. गाडी माझीच, म्हनून मला ठाव.  लोहाऱ्यात उतरताना आप्पा म्हनले, “म्हादू, इंग्रजी शिकावं लागतंय.”

“शिका की आप्पा,” म्या म्हनलं. “एका नांगरटीत उरकंल का दोन लागतील?”

गुरू म्हनून घावला सरकारी दवाखान्यातला कंपौंडर. दर बाजारच्या दिशी आप्पा गुळाचा खडा घेऊन जायचे आन् एक शब्द घेऊन यायचे, अर्थासकट. अट एकच. “हलका नको, वजनदार द्या.” दुकानदारच त्यो, शब्दबी तोलून घ्यायचा. कंपौंडरनं कुत्र्या-मांजराचं इंग्रजी काढलं की आप्पा म्हनायचे, “हे ऱ्हाऊ द्या, पोरासोरांना व्हईल.”

आता शब्द ठेवायचा कुठं? आप्पांना लिवता येत व्हतं, पर ते म्हनायचे, “कागदावर शब्द मरून पडतोय रं. मानसात ठिवला की हिंडता-फिरता ऱ्हातो.” मंग एकेक शब्द एकेकाच्या गळ्यात बांधला. गणपा न्हावी दाढी करताना आख्ख्या तालुक्याची बातमी सांगायचा. त्याला दिला ‘टॅसिटर्न’, म्हंजे कमी बोलनारा. दगडू पैलवान दारातनं आडवा होऊन शिरायचा. त्याला ‘डेलिकेट’, म्हंजे नाजूक. तहसील कचेरीच्या दारात बसून घोरनारा हुसेनचाचा चपराशी, त्याला ‘इंडस्ट्रियस’, म्हंजे मेहनती.

आन् मला? मला दिला ‘सॅगेशियस’. म्हंजे शहाणा. गाव इतकं हसलं की माझ्या बायकोनं चूल सोडून भाईर येऊन इचारलं, “काय झालं?” सांगितल्यावर तीबी हसाया लागली. भाकर करपली, ती म्या खाल्ली.

आप्पा रोज सकाळी काठी टेकत फेरी मारायचे. शब्द चटकन सांगितला की उभ्या उभ्या “बरं” म्हनायचे आन् जरा हिरमुसून पुढल्या घरी जायचे. चुकला की मातर काठी भिंतीला टेकवून ओट्यावर मांडी घालायचे, आन् पयल्यापासनं घोकून घ्यायचे. माझ्या ओट्यावर त्यांची मांडी सगळ्यांत जास्त पडायची. त्यो शब्द माझ्या डोस्क्यात टिकायचाच न्हाय. आत शिरून बघायचा, आपल्या जातीचं कुनी दिसत न्हाय, की परत फिरायचा. शेवटी म्या बैलांना शिकवला. ‘सॅगेशियस’ म्हनलं की डावा बैल कान हलवायचा. उजव्याचं डोस्कं माझ्यावानी व्हतं.

पुढली पंचमी आली तवा आप्पा म्हनले, “गाडी जुप. सोलापूरला जायचं.”

“तुमी आन् म्या?”

“आन् शब्द.”

तर गाडीत शब्द भरले. एका अंगाला दगडू, म्हंजे नाजूक. ती बाजू तेवढ्यानं टेकली. दुसऱ्या अंगाला कमी बोलनारा गणपा, त्यो सरहद्दीपातुर थांबला न्हाय. मधी मेहनती हुसेनचाचा घोरत पडलेला. पुढं शहाणा, कासरा धरून.

सरहद्दीवर करोडगिरीचा, म्हंजे जकातीचा नाका. अंमलदार आला, कडब्याखाली काठी खुपसली. “क्या माल है?”

हुसेनचाचा उठून सलाम करत म्हनला, “साहब, अंग्रेजी लफ्जां हैं. एकेक आदमी में एकेक.”

“निकालो बाहर!”

झालं. गणपानं ‘टॅसिटर्न’ सांगितला, आन् कमी बोलनारा म्हंजे कसा, त्याच्या चुलत्याचा साडू कसा कमी बोलायचा, त्यापायी त्याचं लगीन कसं मोडलं, हे सगळं खुलासेवार सांगाया लागला. अंमलदारानं कानावर हात ठेवले. दगडूनं ‘डेलिकेट’ म्हनत गाडीतनं उडी टाकली, तवा नाक्याचं मडकं कलंडलं. माझी पाळी आली, तर अर्थ तोंडात आन् शब्द गायब. म्या डाव्या बैलाकडं बघितलं. त्यो चारा खात व्हता. अंमलदार मला वरनं खालपातुर न्याहाळून म्हनला, “इसको छोडो. इसके पास माल हीच नहीं.”

सोलापुरात जावई आरामखुर्चीत बसला व्हता. आमी समदे सतरंजीवर. आप्पांनी घसा खाकरला. सगळ्यांत जड शब्द त्यांनी स्वतःपाशी ठिवला व्हता.

“जावईबापू, तुमी मॅग्नॅनिमस.”

जावई दचकला. “काय म्हणालात?”

“थोर मनाचे.” आन् आप्पांनी गणपाला कोपर मारलं. “टॅसिटर्न!” गणपा वरडला. “डेलिकेट!” दगडूच्या आवाजानं फळीवरची कपबशी वाजली. “इंडस्ट्रियस,” हुसेनचाचा जांभई देत म्हनला. मंग समद्यांनी माझ्याकडं बघितलं. म्या उठलो, छाती काढली आन् म्हनलं, “शहाणा!” तेबी मराठीत.

जावई पोट धरून हसला. डोळं पुसत म्हनला, “अहो मामा, हे कसलं सोंग? शब्द फेकले म्हणजे भाषा होते का? एखादं वाक्य बोला की. साधं.”

आप्पांच्या भस्माच्या पट्ट्यावर घाम आला. बारीक आवाजात म्हनले, “साधं हलकं म्हनून घेतलंच न्हाय बापू. ‘पोरीला चार दिस पाठवा’ याला इंग्रजीत काय म्हनत्यात, ते कंपौंडरला इचारायचं ऱ्हाऊनच गेलं बगा.”

जावयाचं हसू अर्ध्यात थांबलं.

तेवढ्यात आतल्या दारात गिरिजा आली, हातात पान्याचा तांब्या. आप्पांनी तिच्याकडं बघितलं आन् आपल्या घरच्या कानडीत इचारलं, “ऊटा आतेनवा?” म्हंजे, जेवलीस का बाई? बास, तेवढंच. ती तांब्या उंबऱ्यावर ठिवून आत गेली.

जावयानं उंबऱ्यावरचा तांब्या उचलून आप्पांपुढं ठिवला. मंग म्हनला, “पंचमी झाली की आणून सोडा.”

गिरिजा लगेच गाठोडं घेऊन भाईर आली. आता गाठोडं बांधायला थोडाफार येळ लागतोयच की न्हाय? म्हंजे ते बांधलेलंच व्हतं. कदीपासनं, ते कोन इचारनार?

गाडीत गिरिजा बसली, बाजूला आप्पा बसले, गाठोडं बसलं. शब्दांना जागा उरली न्हाय. समदे शब्द चिखल तुडवत पायी निघाले, आन् चाक रुतलं की नाजूक त्याला खांदा द्यायचा. नाक्यावर त्योच अंमलदार. “लफ्जां किधर हैं?”

आप्पा पोरीसंगं कानडीत बोलन्यात गुंग व्हते, त्यांनी ऐकलंच न्हाय. म्याच म्हनलं, “ते मागनं चालत येऊ लागलेत, साहेब.”

पंचमीत आप्पांनी एकाचंबी दार वाजवलं न्हाय. दुकानाच्या मागल्या अंगाला झोका बांधला, गिऱ्हाइकाला “थांब जरा” म्हनून उठायचे आन् पोरीला झोका द्यायचे. इंग्रजीचं नाव न्हाय. म्या म्हनलं, सुटलो. आता माझं डोस्कं रिकामं ऱ्हायला मोकळं.

सन झाल्यावर गिरिजाला म्याच पोचवून आलो. दुसऱ्या दिशी सकाळी ओट्याखाली काठी वाजली.

“म्हादू, हाय का जागेवर?”

आप्पांनी दाढी केली नव्हती. भस्म वाकडं लागलं व्हतं. दुकान अजून बंद व्हतं.

आन् गंमत बगा, त्या दिशी शब्द व्हता. आख्खा जिभेवर बसलेला, सॅगेशियस. एवढ्या दिसांत पैल्यांदा. भाईर काढला आसता तर आप्पा “बरं” म्हनले आसते आन् काठी उचलून चालू लागले आसते.

म्या शब्द गिळला. डोस्कं खाजवलं. “न्हाय वो आप्पा. पार पळालाय.”

“पळाला?” आप्पांचं तोंड उजळलं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, ओट्यावर मांडी घातली, आन् आत माझ्या बायकोला हाळी दिली, “सूनबाई, च्या टाक. ह्यो काय लवकर शिकत न्हाय.”