समुद्रवासी

राजदीपच्या मेसेजमध्ये चार वाक्यं होती, तेवीस शब्द. त्यांत ‘आपण’ तीन वेळा आणि ‘तुम्ही’ एकदा. खुशालभाऊंनी दोनदा मोजलं. सौंदडच्या शाळेतल्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून एकतीस वर्षं काढली होती. दोनदा मोजल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसत नसे.

मेसेज असा होता: ‘बाबा, आता मुंबई पुरे. आपण समुद्राजवळ छोट्या गावात घर घेणार आहोत. आपण पाच गावं काढली आहेत. तुम्ही नीट पाहून सांगा, आपण कुठे राहायचं.’

“आनखी एकडाव वाचा,” तांदूळ निवडता निवडता पार्वताबाई म्हणाल्या.

“पाच डाव वाचलो ना.”

“मंग सहावी डाव वाचा.”

त्यांनी वाचलं. पार्वताबाईंचा हात सुपात थांबला. “आपन म्हंजे, आपन दोघंई का जी?”

“आपन म्हंजे आपन. नाई तं पोरानं ‘आमी’ लिवलं असतं. मराठीत दोन शब्द कायले ठेवले मंग?”

पार्वताबाईंनी एक खडा उचलून बाजूला टाकला. “समुद्र नवेगावच्या तलावाएवढा असन?”

“लय मोठा. पल्याडचं काही दिसत नाई.”

“मंग पाहाचं काय त्यात?” त्या म्हणाल्या, पण संध्याकाळी त्यांनी माळ्यावरची मोठी पेटी खाली काढायला लावली.

खुशालभाऊंनी शाळेच्या जुन्या वहीत तक्ता आखला. वसई, उरण, अलिबाग, पालघर, डहाणू. प्रत्येक गावाला पन्नासपैकी गुण. स्टेशनापासून दवाखाना किती, घरापासून समुद्र किती, पावसाळ्यात पाणी कुठवर येतं, आपल्यासारखा बारीक तांदूळ मिळतो का. दहा गुण एकट्या पायऱ्यांना, कारण पार्वताबाईंचा उजवा गुडघा चौथ्या पायरीला बोलायला लागे. रविवारी त्यांनी राजदीपला स्पीकरवर फोन लावला.

“तळमजलाच पाहाजो बेटा. पायऱ्या नको.”

“हो बाबा, अल्कापण तेच म्हणून राहिली.”

सुनेला आपल्या गुडघ्याची आठवण आहे, हे ऐकून पार्वताबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

“अन खोल्या दोन तं पायजेच.”

“दोनशिवाय जमतच नाही बाबा. एक आमची, आणि एक दुसरी लागतेच ना.”

खुशालभाऊंनी वहीत बरोबरची खूण केली. पालघरला एक्केचाळीस गुण पडले, डहाणूला अडतीस. त्यांनी निकाल कळवला. “मस्त काम केलं बाबा,” राजदीप म्हणाला. निघायचं कधी, हे खुशालभाऊंनी विचारलं नाही. पोराला घाई करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

पार्वताबाईंनी ही गोष्ट फक्त शेजारच्या अनुसयाबाईंना सांगितली, आणि कोणाला सांगू नका म्हणून बजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनाजवळच्या टपरीवर सुखरामने चहाचा कप पुढे केला. “खुशालभाऊ, मले एक शंख धाडजा. वाजणारा पायजे. शोभेचा नको.”

मग एकेक गोष्ट हलायला लागली. सातही कोंबड्या अनुसयाबाईंकडे गेल्या. घर बंद ठेवलं तर वाळवी लागेल म्हणून शाळेतल्या नव्या ओमेश सरांना ते राहायला द्यायचं ठरलं. सर उत्साही होते. त्यांनी तारीख ठरायच्या आधीच आपली लोखंडी खाट आणून पुढच्या खोलीत टाकली आणि तिच्यावर झोपायलाही लागले. परीक्षा तोंडावर आल्यामुळे मुख्याध्यापक योगराज सरांनी निरोपसमारंभ उरकून घेतला. शाल दिली, भाषण केलं. जेवणाला अनुसयाबाईंनी प्रेमाने कोंबडीचा रस्सा करून आणला. ती कोंबडी आपल्याच सातांतली होती, हे पार्वताबाईंनी पंजावरून ओळखलं. त्यांनी फक्त भात खाल्ला.

खरा घोळ बॅनरने केला. ‘समुद्रकिनारी वास्तव्यास जात असलेले’ एवढं एका ओळीत मावेना, म्हणून योगराज सरांनी ते ‘समुद्रवासी’ केलं. सडक अर्जुनीच्या छपाईवाल्याने खुशालभाऊंचं वय पाहिलं, मजकूर पाहिला आणि आपल्या समजुतीने तयार चौकट निवडली. दोन बाजूंना दोन समया, फोटो काळापांढरा, फोटोला हार. खाली लिहिलं होतं, ‘समुद्रवासी खुशालभाऊ यांना भावपूर्ण निरोप.’ समारंभ संपल्यावर उत्साही मंडळींनी तो बॅनर हायवेच्या वळणावर नेऊन बांधला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पार्वताबाईंचा धाकटा भाऊ हिरालाल सालेकसाहून पांढरे कपडे घालून आला. सोबत तसेच पांढऱ्या कपड्यांतले चौघं. खुशालभाऊ अंगणात आरशासमोर दाढी करत बसले होते.

“बाई वं,” म्हणून हिरालालने दारातच गळा काढला, मग त्याला आरसा दिसला, आणि आरशात फेस लावलेले भाऊजी दिसले. तो मटकन खाली बसला.

“भाऊजी, तुमी तं बुडून मेले म्हन्ते.”

“कोन म्हन्ते?”

“बॅनर म्हन्ते. मोबाईलवर आला. मी राजदीपलेई धाडलो ना तो.”

“काऊन धाडलास?”

“बाप मेला तं पोराले सांगाचं नाई का?”

तेवढ्यात फोन वाजला. खुशालभाऊंनी अर्ध्या गालावरचा फेस तसाच ठेवून तो उचलला.

“बाबा?” राजदीप होता. “तुम्हीच बोलता ना?”

“मीच आहो. जयभीम. घाबरू नको, छपाईवाल्यानं घोटाळा केला.”

पलीकडे राजदीप हसला, मग त्याने नाक ओढलं. “अपन तर मेलोच होतो बाबा फोटो पाहून. पण ते समुद्रवासी काय आहे? लोक सांगून राहिले की तुम्ही समुद्राकडे राहायला चालले. कोणत्या समुद्राकडे?”

राजदीप अकरावीपासून गोंदियाला हॉस्टेलात होता. तिथल्या हिंदीत माणूस एकटा असला तरी स्वतःला ‘अपन’ म्हणतो. ‘अपन चलते’ म्हणतो आणि एकटाच निघून जातो. हे खुशालभाऊंना पहिल्यापासून माहीत होतं. आठवलं मात्र आत्ता.

“बाबा?”

“अं. ते दुसरी खोली कायसाठी म्हणाला होतास तू?”

“अल्काच्या कामासाठी. घरूनच ऑफिस आहे ना तिचं, दिवसभर मीटिंगा. काऊन?”

“काही नाई. दार चांगलं जाड लावजो तिले. आवाज नाई पायजे.”

“बाबा, तुम्ही कुठे जाऊन राहिले होते?”

“कुठं जातो? शाळेनं जुन्या मानसाचा सत्कार ठेवला, बस. ठेव, दाढी सुकून राहिली.”

त्यांनी उरलेला गाल पूर्ण केला. पार्वताबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी एकाच बाजूचं बोलणं ऐकलं होतं.

“काय म्हणाला?”

“म्हन्ते, तिकडची हवा खारी आहे. गुडघ्याले सोसत नाई.”

पार्वताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग पेटीकडे. “मले वाटलंच होतं,” त्या म्हणाल्या. “कोंबड्या मागून आनतो मी.”

हिरालाल आणि चौघं पाहुणे जेवून गेले. दुपारी ओमेश सर शाळेतून आले आणि पेटीतले कपडे परत खुंट्यांवर टांगलेले पाहून संकोचले. “मी खाट उचलतो जी.”

“राहू द्या,” पार्वताबाई म्हणाल्या. “दोन खोल्या तं पायजेच.”

बॅनर खुशालभाऊंनी स्वतः जाऊन सोडवला आणि खुराड्यावर झाकला. कोंबड्या सहा परत आल्या.

सूर्य मावळता मावळता राजदीपचा मेसेज आला. ‘बाबा, आम्ही घर पक्कं केलं, पालघरलाच. आम्ही पुढच्या महिन्यात जाऊ. धान निघाल्यावर तुम्ही दोघं चार दिवस या. आम्ही तुम्हाला समुद्र दाखवू.’

पार्वताबाईंनी तो एकदाच वाचून घेतला. पुन्हा वाचा म्हणाल्या नाहीत.

खुशालभाऊंनी चष्मा पुसला आणि दोनदा मोजलं. वाक्यं चार. शब्द एकवीस. ‘आम्ही’ तीन, ‘आपण’ शून्य.