कराटे आणि साडेपाचची बस

स्त्रिया सक्षम झाल्याशिवाय देशाचं उत्पादन वाढत नाही, आणि त्या आपल्या आपण सक्षम होत नाहीत. त्यासाठी कुणातरी पुरुषाला वेळ काढावा लागतो. आदिलाबादकडच्या मावला गावाजवळच्या एका जिनिंग मिलचे मालक सुधाकरराव यांनी तो काढला.

मिलमध्ये कापसातला कचरा वेचायला तामसी गावाकडच्या बाया येतात. त्यांची अडचण द्वारकाबाईंनी मांडली. सुट्टी सहाला होते आणि गावाकडची शेवटची बस साडेपाचला जाते. मग रस्त्यावर हात दाखवत उभं राहायचं. परवा एका टेम्पोवाल्याने त्यांच्या सुनेला, प्रीतीला, भलत्याच वाटेला नेलं. पोरीने उडी टाकली, म्हणून गुडघ्यावर निभावलं. तेव्हा सुट्टी पाचला द्यावी, सकाळी लवकर येऊ.

सुधाकरराव हेलावले. त्यांनी तातडीने महिला सुरक्षा समिती नेमली (सदस्य: स्वतः, मेहुणे आणि मुनीमजी, बायांना कामावरून उठवणं प्रशस्त वाटलं नाही). दोष वेळेत नसून बायांच्या आत्मविश्वासात आहे, असं समितीला आढळलं. कराटे शिकवायला आदिलाबादहून करण सर आले. वर्ग सहानंतर ठेवला, म्हणजे कामाचा खोळंबा नको. त्यामुळे पूर्वी दिवेलागणीला निघणाऱ्या बाया आता पुऱ्या अंधारात निघू लागल्या, आणि शिकलेलं वापरायची संधीही वाढली.

“मालक, लाथ माराले आमाले पयलेपासूनच येते,” द्वारकाबाई म्हणाल्या. “बस पायजे.”

आत्मविश्वास वाढतो आहे, अशी समितीने नोंद घेतली.

महिला दिनाला हैदराबादहून पाहुणे आले. निर्भयतेवर सुधाकररावांचं भाषण रंगात आलं असताना पाच वाजले. आधी प्रीती उठली, लंगडतच. मग द्वारकाबाई, मग सगळ्या.

“काऊन उठून राह्यल्या?” मालकांनी माइकवरच विचारलं.

“बस हाय, मालक. तुमचं चालू द्या.”

हे प्रशिक्षणाचं प्रात्यक्षिक आहे, असं समजून पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मिलला सन्मानचिन्ह दिलं. दुसऱ्या दिवशी बाया पुन्हा पाचला उठल्या. निर्भयतेचं सन्मानचिन्ह टेबलावर असल्यामुळे सुधाकररावांना रागावता येईना. आता रोज तसंच चालतं. कापूस पूर्वीइतकाच निघतो. ‘आमच्या महिला घरी जायला परवानगीही मागत नाहीत,’ असं ते भाषणात अभिमानाने सांगतात.

सुधाकररावांना तुम्ही हसला असाल, तर ते योग्यच आहे. फक्त काल पाहुणे आले म्हणून भांड्यांच्या बाईंना तुम्ही जरा थांबवून घेतलंत, त्यांना बस मिळाली का, तेवढं विचारा.