हैबतरावांच्या गुडघ्यातील मळसूत्र व बटण यांच्या तंट्याची हकीकत

श्री. ज्याने माणसास गुडघे दोन दिले आणि त्यावर भांडावयास वैद्यही दोनच दिले, त्या जगदीश्वरास नमन असो. शके सतराशे नव्वद, विभवनाम संवत्सरी, मळसूत्र आणि बटण दोन्ही सारखीच बळकट ठरली. परंतु हा निकाल कोणत्याच पक्षास मानवला नाही, सबब तो लागलाच नाही ऐसे फर्मान जाहले, आणि बखरकारही तो विसरला आहे. आता हकीकत ऐसी जे,

सरदार हैबतराव हे राज्याचे हुतूतूतील पहिले गडी. शेजारच्या राज्याचे चौघे अंगावर आले असता त्यांचे पाऊल मातीत रुतून राहिले आणि देह मात्र शत्रूस चकवून फिरला आणि गुडघ्याच्या आतील बंध तुटला. मग सरदारांस घोर पडला. कारण रिवाज ऐसा की, दसऱ्याच्या दरबारी ज्यास गादीवर मांडी घालोन बसता न येई, त्याची सरदारकी पुतण्यास जाई. पुतणे त्या दिवसापासोन काकांसमोरच मांडी घालोन जेवू लागले, आणि सावकाश जेवू लागले.

राज्यात वैद्य दोन, अंतोबा आणि धोंडोपंत. मांडीमागील शिरेची दोरी वळावी, हाडांस भोके पाडावी आणि तुटल्या बंधाच्या जागी ती ओवावी, हे दोघांसही मान्य. दोरी हाडास धरवावी कैसी, यावरून मात्र सात वर्षे अबोला. अंतोबा भोकात मळसूत्र, म्हणजे पेचाचा खिळा, पिळोन दोरी दाबून बसवीत. धोंडोपंत हाडाबाहेर इवलेसे बटण आडवे टाकोन दोरी त्यास टांगीत.

अंतोबा सरदारांस म्हणाले, "बटण सदऱ्यास ठीक. गुडघा काय धुवायला टाकायचाय?"

धोंडोपंत भिंतीकडे पाहोन म्हणाले, "मळसूत्र बिजागरीस लावतात. सरदार कुरकुरतात खरे, पण दार नव्हेत."

हैबतराव म्हणाले, "पंत, दसरा कुणाच्या बाजूने आहे तेवढं सांगा."

मग राज्याचे धनी श्रीमंत यांनी तोड काढली की, वरच्या हाडात बटण, खालच्यात मळसूत्र. मग दोघा वैद्यांनी एकमेकांकडे पाठ करून एकच गुडघा शिवला, आणि नऊ महिने सरदार भिंत धरून चालले, आणि दसऱ्यास भर दरबारी मांडी घालोन बसले. पुतणे गादीमागे उभे राहिले. वैद्यांनी आधीच पाय ओढोन पाहिला होता. दोन्ही टोके केसभरही सरकली नव्हती.

येथे बरोबरी जाहली असती. परंतु "माझ्या टोकाने धरले आहे," ऐसे दोघेही म्हणो लागले. तेव्हा कारभाऱ्यांनी हुकूम लिहिला की, एक टोक काढोन पाहावे, म्हणजे धरून कोण होते ते उघड होईल.

हैबतरावांनी हळूच पुसले, "आणि काढलेलंच धरून होतं असं निघालं तर?"

"तर सिद्ध झालं," वैद्य एकमुखाने बोलले. सात वर्षांत प्रथमच.

सरदारांनी मनात हिशेब मांडला. मांडी घातलेल्या गुडघ्यावर शस्त्र चालत नाही. मग ते उठलेच नाहीत. तेव्हापासोन भोजन गादीवर, निद्रा गादीवर, आणि पुतणे अद्याप उभे आहेत.

एवंच, सरदारकी राहिली, गुडघा राहिला, उठणे तेवढे गेले. सबब हुजुरांस अर्ज की, अंतोबांनी बटणाची आणि धोंडोपंतांनी मळसूत्राची तारीफ स्वहस्ते, शिक्क्यानिशी, लिहून द्यावी, म्हणजे सरदार पाय मोकळा करतील. कळावे.