पंडितजींच्या आठवणीतला आंबा

सुयोगने घरात जाहीर करून टाकलं होतं, की माणसाची आठवण तो अशी रंगवतो, की खुद्द त्या माणसालाही ती एवढी नीट आठवत नाही! यावर वडिलांनी फक्त अंबरनाथला फोन लावून सुयोगच्या मामाला विचारलं, "तुझ्या कारखान्यात ती जागा आहे ना अजून?"

जागा होती. रसायनांच्या पिंपांवर लाल रंगात 'ज्वालाग्राही' लिहायची.

मग असं ठरलं. सुप्रसिद्ध बासरीवादक पंडित गुरुदत्त यांच्या बालपणीच्या आठवणींवर सुयोगने चित्रं काढली होती. प्रदर्शनातलं मुख्य चित्र पंडितजींनी आपल्या गुरुकुलासाठी नेलं, तर सुयोग चित्रकार. नाही नेलं, तर सोमवारपासून ज्वालाग्राही.

मुख्य चित्रात पंडितजींच्या गावचं, सोनिवलीचं शेत होतं. बांधालगत उजवीकडे आंबा, आंब्याखाली हाफ चड्डीतला गुरुदत्त आणि त्याच्या तोंडात पपईच्या देठाची पिपाणी. ही आठवण फोनवर सांगताना पंडितजींनी दोनदा आवंढा गिळला होता. उल्हासनगरचा सिंधी फ्रेमवाला हरेश तर खिळे ठोकता ठोकता म्हणाला होता, "साईं, पिपाणी ऐकू येते बघ!"

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बदलापूरच्या हॉलमध्ये चित्र टांगलं गेलं. सुयोगची बहीण ऋतिका हिने लगेच त्याचा फोटो सोनिवलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. गावाला अभिमान वाटावा म्हणून!

अभिमान मोटरसायकलवरून आला. पंडितजींचे चुलतभाऊ, कमळाकरकाका.

"पोरा, चित्र भारी काढलंस. फकस्त यो झार आमचे भावाचे, आनंदाचे शेतान कसा गेला?"

"काका, पण झाड आता आहेच कुठे? तिथे टॉवरचं पार्किंग झालंय!"

"तेच तं! झार नाय, बांध नाय, आनि पुढचे आठवड्यान जमिनीची मोजनी हाय. पंडितची आठवन म्हंजे दगडावरची रेघ! सरकव जरा डावीकडं. आमचे कडं."

"पण पंडितजींनी सांगितलं होतं की..."

"नायतर उद्या त्याचेच पुढं विचारीन, आमचा झार कोनी चोरला!"

सुयोगने आंबा सरकवला. ॲक्रिलिक रंग, पंख्याखाली धरला की वाळतो. आंबा वाळतोय तोवर दुसरे चुलतभाऊ, आनंदाकाका आले. हातात वालाच्या शेंगांची पिशवी आणि चेहऱ्यावर असं हसू, की शेंगा घ्यायचीच भीती वाटावी.

"फोटोन उजवीकडं व्हता. हितं डावीकडं हाय. झाराला पाय फुटलं का रं, बाला?"

आंबा परत उजवीकडे आला. तेवढ्यात कमळाकरकाका खात्री करायला परतले. आंबा पुन्हा डावीकडे निघाला, तो आनंदाकाकांनी खाकरून अडवला. शेवटी सुयोगने घाम पुसत तो बरोब्बर बांधावर आणून रोवला. आणि कित्येक वर्षांनी दोन्ही भावांचं एकमत झालं!

"मधी? मंग अर्धा काय ह्याला?"

"अर्धा ह्याला? आनि मी काय सावली मोजत बसू?"

एव्हाना रंगावर रंग चढून बुंधा कॅनव्हासमधून इतका पुढे आला होता, की आनंदाकाकांनी त्यावर पिशवी टेकवून पाहिली. टेकली.

सुयोगला डोळ्यांसमोर पिंपं दिसायला लागली. रांगच्या रांग.

"दादा, झाडच उडव!" ऋतिका कानात कुजबुजली. "काहीतरी हलणारं काढ. म्हैस काढ! म्हैस कुठेही उभी राहते. तिच्यावरून मोजणी होत नाही!"

बुंध्याचं पोट झालं, फांद्यांची शिंगं झाली. कानामागे थोडी पानं राहिली ती राहिलीच. बांधावर ताठ उभी राहून पोराला सावली देणारी जगातली ती पहिलीच म्हैस असावी.

दोघे भाऊ पुढे वाकून तिची शिंगं तपासू लागले.

"म्हस कोनाची?" कमळाकरकाकांनी विचारलं.

"देवाची!" ऋतिका ओरडली. देवाशी भांडण नको म्हणून दोघेही विचार करायला घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंडितजी आले. रेशमी कुर्ता, मागे शिष्य. इतर चित्रांपुढे मान डोलवत डोलवत ते मुख्य चित्रापाशी पोहोचले आणि थांबले. हॉलमध्ये टाचणी पडली असती तर तिलाच लाज वाटली असती. कमळाकरकाका डावीकडे, आनंदाकाका उजवीकडे, अगदी शेतासारखे! पंडितजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ही... ही तर आमची म्हैस!" पंडितजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "माझी पहिली श्रोती! हिला मी विसरूनच गेलो होतो रे!"

टाळ्यांचा कडकडाट! दोन्ही भाऊ रडले. रडता रडता दोघांनीही वाकून पाहिलं, की म्हशीचे पाय नेमके कोणाच्या शेतात आहेत. सुयोगच्या वडिलांनी मामाला 'राहू दे' असा मेसेज टाकायला मोबाइल काढला.

तेवढ्यात पंडितजींनी सुयोगच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला खांबाआड नेलं.

"बेटा, चित्र मी नेणार. गुरुकुलाच्या दारातच लावणार. पण झाड कुठे गेलं?"

"पंडितजी, ते... वादात होतं."

"परत काढ. फक्त ते ह्या दोघांच्या शेतात नव्हतंच. आमच्या वाटणीचं शेत त्यांच्या पलीकडे. तिथे काढ."

"पण फोनवर तर तुम्हीच सांगितलंत की बांधालगत..."

"फोनवर मी भावुक झालो होतो."

सुयोगने चित्राकडे पाहिलं. "पण पलीकडे तर फ्रेम आहे, पंडितजी!"

"मग कॅनव्हास रुंद घे!" पंडितजी बासरीच्या आवाजात म्हणाले. "आणि मोजणीच्या आत दे."

सुयोग मान डोलवून बाहेर आला, वडिलांच्या हातातला मोबाइल घेतला आणि अर्धा टाइप झालेला मेसेज पुसून टाकला.

सोमवारी अंबरनाथला त्याने पहिलं पिंप पुढ्यात ओढलं. गोल. ना बांध, ना भाऊबंद! आयुष्यात इतक्या शांत मनाने त्याने कधीच काही रंगवलं नव्हतं. शेवटचं अक्षर पुरं झालं, तेव्हा मामा मागे येऊन उभा राहिला. मान वाकडी करून त्याने 'ज्वालाग्राही' नीट न्याहाळलं.

"झकास रे भाच्या! फक्त जरा डावीकडे घे."